खरपूसपणाची चिकित्सा

‘चांगली झाली आहे, पण अजून थोडी खरपूस हवी.’ घरी स्टाउट बनवणाऱ्यांच्या मंडळींत हा अभिप्राय वारंवार ऐकू येतो. वरकरणी साध्या वाटणाऱ्या या वाक्यात एक विशेषण आहे, एक तुलना आहे आणि ‘हवी’ या शब्दात दडलेला एक मूल्यनिर्णयही आहे. म्हणजे समीक्षेचे सारे साहित्य त्यात हजर आहे. फरक इतकाच की साहित्याच्या वर्गात ‘ही कविता अधिक प्रखर हवी होती’ असे म्हणून आपल्याला थांबता येते. बियर बनवणाऱ्याला थांबता येत नाही. त्याला पुढच्या खेपेस कोणत्या धान्याचे किती ग्रॅम वाढवायचे, कोणत्याचे कमी करायचे आणि पाण्याचे काय करायचे, हे वहीत लिहावे लागते. विशेषणापासून कारणापर्यंतचा हा प्रवास कसा होतो हे पाहणे साहित्याच्या अभ्यासकाला उपयुक्त ठरेल, असे आम्हांस वाटते. प्रस्तुत टिपण त्यासाठीच आहे.

प्रथम या विषयाचे स्थान स्पष्ट केले पाहिजे. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये परवान्याविना मद्य तयार करता येत नाही. त्यामुळे हा छंद येथला नव्हे. ब्रिटनमध्ये मात्र १९६३ पासून घरच्या वापरापुरती बियर बनवण्यास परवाना लागत नाही, आणि अमेरिकेत १९७८ च्या कायद्याने हीच मोकळीक मिळाली. मँचेस्टर परिसरात वास्तव्य असलेल्या आम्हा काही मराठी मंडळींना हा नाद तेथेच लागला. पुढे ज्या पाककृतीची चर्चा केली आहे ती आमच्या सामायिक वहीतली आहे.

वीस लिटर स्टाउटसाठीची ती मूळ कृती अशी: फिक्या माल्टचे ३३०० ग्रॅम, क्रिस्टल माल्टचे ४००, चॉकलेट माल्टचे १५० आणि भाजलेल्या बार्लीचे १५० ग्रॅम; एकूण चार किलो धान्य. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, अर्थात सातू. नाचणीचे सत्त्व करताना आपल्याकडे धान्य भिजवतात, मोड आणतात आणि वाळवतात, तीच ही क्रिया. हे धान्य भरड दळून गरम पाण्यात तासभर ठेवले की त्यातल्या पिष्टाची साखर होते. या टप्प्याला मॅश म्हणतात. निघालेला गोड काढा हॉप्स घालून उकळायचा, निववायचा आणि यीस्ट घालून आंबवायचा. आमच्या कृतीत मॅशचे तापमान ६८ अंश सेल्सियस होते. स्टाउट काळी झाली, गोडसर झाली, पिणाऱ्यांनी नावे ठेवली नाहीत. परंतु भाजलेल्या धान्याचा जो वास आणि जी कोरडी, कडसर चव स्टाउटमध्ये अपेक्षित असते, ती पुसट राहिली.

अशा वेळी बहुतेकांचा पहिला उपाय ठरलेला असतो: काळे धान्य वाढवा. त्यामागचे गृहीतक असे की काळेपणा म्हणजेच खरपूसपणा. स्टाउटचा इतिहास मात्र या गृहीतकाला साथ देत नाही. स्टाउटची जननी जी लंडनची पोर्टर, ती अठराव्या शतकात तपकिरी माल्टपासून बनत असे. त्या शतकाच्या उत्तरार्धात हायड्रोमीटर हे घनता मोजण्याचे साधन बियरवाल्यांच्या हाती आले आणि त्यांच्या लक्षात आले की तपकिरी माल्टपेक्षा फिक्या माल्टमधून अर्क कितीतरी अधिक निघतो. साहजिकच फिके माल्ट वाढले. पण त्यामुळे पोर्टरचा रंग उतरला आणि तो परत आणण्यासाठी जळकी साखर व आणखी नाना पदार्थ वापरले जाऊ लागले. १८१६ मध्ये कायद्याने माल्ट आणि हॉप्स यांखेरीज दुसरे काही घालण्यास मनाई झाली. पुढच्याच वर्षी, १८१७ मध्ये, डॅनियल व्हीलर याने फिरत्या पिंपात माल्ट काळे होईपर्यंत भाजण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. थोडेसे काळे माल्ट आणि उरलेले सारे फिके, ही आधुनिक स्टाउटची घडण येथून सुरू होते. म्हणजे ज्या काळ्या धान्याला आज आपण स्टाउटचा आत्मा समजतो, ते प्रथम आले ते काटकसरीने गेलेला रंग कायदेशीर मार्गाने भरून काढण्यासाठी. चव त्याच्याबरोबर आली आणि पुढे तीच मुख्य ठरली.

रंग आणि चव वेगळे असल्याचा पुरावा आजच्या बाजारातही मिळतो. टरफल काढून भाजलेले काळे माल्ट जर्मनीत तयार होते. ते वापरले तर बियर काळीभोर होते, पण भाजकी चव त्या मानाने फारच सौम्य येते. याउलट योग्य धान्य योग्य जागी पडले तर गडद तपकिरी बियरही स्पष्ट खरपूस लागते. तेव्हा ‘अधिक खरपूस’ या मागणीला ‘अधिक काळे’ हे उत्तर देणे म्हणजे कवितेत दुःख कमी पडले म्हणून ‘अंधार’ हा शब्द आणखी चार वेळा घालण्यासारखे आहे.

खरपूस हवी म्हणजे नेमके काय हवे? येथे मराठी भाषा आपल्या मदतीला येते, कारण भाजण्याविषयी ती श्रीमंत आहे. थालिपिठाची भाजणी करणारी कोणतीही गृहिणी तांदूळ, ज्वारी, हरभराडाळ, उडीद आणि धने एकत्र भाजत नाही. प्रत्येक धान्य वेगळे भाजते, कारण प्रत्येकाचा खमंग होण्याचा क्षण वेगळा असतो. त्या क्षणाच्या अलीकडे कच्चट, पलीकडे करपट. खमंग, खरपूस, कडसर, करपट, जळकट ही एकाच रेषेवरची ठिकाणे आहेत, आणि शहाण्या हाताला त्यांतले अंतर ठाऊक असते. ‘खरपूस समाचार घेणे’ हा वाक्प्रचारही याच चुलीवरून आलेला दिसतो. समाचार खरपूसच घ्यायचा असतो. करपट समाचारात टीकाविषय जळून जातो आणि हाती राख उरते.

स्टाउटमधील धान्यांना हे शब्द लावून पाहावेत. क्रिस्टल माल्ट ओले असतानाच भाजलेले असते. त्यातली साखर दाण्यातच घट्ट होते, म्हणून ते देते कॅरॅमलसारखा गोडवा. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट मुळीच नसते. नाव रंगावरून पडले आहे, पण मोड आलेला दाणा त्या रंगापर्यंत भाजला गेल्याने कोकोच्या वळणाची चव त्यात खरोखरच येते. काळे पेटंट माल्ट, म्हणजे व्हीलरचा वारस, आणखी पुढे भाजलेले असते. थोडके असेल तर कोरडेपणा आणते, जास्त झाले तर जळकट लागते. आणि भाजलेली बार्ली ही मोड न आणताच भाजलेली असते. तिची चव कॉफीची, कोरडी आणि धारदार. ब्रिटनमध्ये माल्टवरील कर १८८० मध्ये रद्द झाला आणि मोड न आणलेले धान्य वापरण्याची वाट मोकळी झाली. आयरिश पद्धतीच्या कोरड्या स्टाउटची आजची ओळख प्रामुख्याने या बार्लीवर उभी आहे. आमच्या मंडळींना जो खरपूसपणा हवा होता तो या बार्लीचा होता. हे एकदा निश्चित झाल्यावर प्रश्न निम्मा सुटला, कारण आता ‘अधिक’ या शब्दाला कर्म मिळाले.

तरीही पहिला बदल बार्लीत करण्यात आला नाही. कृती पुन्हा वाचली असता असे दिसले की चार किलोंतील दीडशे ग्रॅम बार्ली म्हणजे जेमतेम पावणेचार टक्के. पण तिच्या समोर क्रिस्टल माल्टचे दहा टक्के उभे आहेत. गोडवा कडसरपणाला झाकतो, हे काळ्या कॉफीत साखर घालणाऱ्या कोणालाही सांगावे लागत नाही. म्हणून पहिल्या खेपेस क्रिस्टल ४०० वरून १०० ग्रॅमवर आणले, तेवढेच फिके माल्ट वाढवले आणि बाकी काहीही हलवले नाही. काळ्या धान्याचा एक दाणाही न वाढवता स्टाउट अधिक खरपूस लागली. दुसऱ्या खेपेस बार्ली दुप्पट, म्हणजे ३०० ग्रॅम केली आणि तितके फिके माल्ट कमी केले. प्रमाण साडेसात टक्क्यांवर गेले. कोरड्या आयरिश स्टाउटच्या प्रचलित कृतींत ते दहा टक्क्यांच्या आसपास असते, त्यामुळे ही वाढ मोठी असली तरी अवाजवी नव्हती. तिसऱ्या खेपेस धान्य तेच ठेवून मॅशचे तापमान ६८ वरून ६५ अंशांवर आणले. कमी तापमानाला यीस्टला खाता येईल अशी साखर अधिक तयार होते, बियरमध्ये उरणारा गोडवा घटतो आणि भाजकी चव मोकळी होते.

तीन बदलांपैकी दोन झाकण काढण्याचे आहेत आणि एकच भर घालण्याचा आहे, हे वाचकांच्या लक्षात आले असेल. आमच्या प्रतिपादनाचा गाभा येथेच आहे. खरपूसपणा एखाद्या घटकात साठवलेला असतो आणि तो घटक वाढवला की गुण वाढतो, ही समजूत अपुरी आहे. पेल्यात जाणवणारा खरपूसपणा हा घटकांच्या परस्परसंबंधातून उद्भवतो. बार्ली त्याला जन्म देते, पण तो ऐकू यावा की नाही हे गोडवा, कोरडेपणा, हॉप्सचा कडवटपणा, इतकेच काय, पेल्याचे तापमानही ठरवते. तीच स्टाउट फ्रिजमधून काढल्याबरोबर मुकी असते आणि दहा-बारा अंशांना बोलू लागते.

पाण्याचा मुद्दा थोडा विस्ताराने सांगितला पाहिजे, कारण खरपूस आणि करपट यांची सीमा पुष्कळदा तेथे ठरते. भाजलेली धान्ये आम्लधर्मी असतात. ती मॅशचा पीएच खाली ओढतात. पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असेल तर ते ही आम्लता पेलते. लंडनच्या चुनखडीच्या पाण्यात पोर्टर फोफावली त्याचे हे एक कारण मानले जाते. मँचेस्टरला मात्र १८९४ पासून लेक डिस्ट्रिक्टमधील थर्लमियर तलावाचे पाणी येते, आणि ते अतिशय मृदू आहे. अशा पाण्यात बार्ली दुप्पट केली की पीएच ५.२ च्या खाली घसरू शकतो, आणि मग चव खरपूस न होता तुरट, आंबूस, राखेसारखी होते. पिणारा म्हणतो, ‘बार्ली जास्त झाली.’ वास्तविक बार्ली तेवढीच हवी असते. तिला पेलणारे पाणी नसते. मॅशमध्ये एक-दोन ग्रॅम खाण्याचा सोडा घालून आणि पीएच मोजून तो ५.४ ते ५.६ च्या दरम्यान ठेवला की तीच बार्ली गोलाईने लागते. दोष जिथे जाणवतो तिथेच तो असतो असे नाही, हा धडा समीक्षकाने गिरवण्याजोगा आहे. एखाद्या कादंबरीचा शेवट भडक वाटतो तेव्हा कित्येकदा शेवट निर्दोष असतो. त्याचा भार पेलणारी मधली प्रकरणे पातळ असतात.

आणखी एक पद्धत प्रचलित आहे. काळे धान्य मॅशमध्ये न घालता वेगळे, थंड पाण्यात रात्रभर भिजवायचे आणि गाळलेला अर्क नंतर काढ्यात मिसळायचा. यात रंग आणि कोको-कॉफीचा वास येतो, धार बोथट होते. ज्यांना मऊ खरपूसपणा हवा त्यांनी हा मार्ग अवश्य घ्यावा. ज्यांना धार हवी ते याच्या उलट बार्ली कॉफीच्या यंत्रात बारीक दळून सुरुवातीपासून मॅशमध्ये घालतात. दोन्ही मार्ग रास्त आहेत, परंतु दोहोंनाही ‘अधिक खरपूस’ हे एकच नाव देणे रास्त नाही. थंड अर्काचा आणखी एक उपयोग आहे, तो प्रमाण ठरवण्यासाठी. तयार स्टाउटच्या चार पेल्यांत तो मोजून कमीअधिक घालावा आणि चाखून पाहावे; वीस लिटर नव्याने करण्याआधी दिशा कळते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप नेहमीचा: चव ज्याची त्याची, तिच्याविषयी वाद कशाला? स्टाउटच्याच इतिहासात याला उत्तर आहे. विल्यम सीली गॉसेट हा तरुण १८९९ मध्ये डब्लिनच्या गिनेस कंपनीत रुजू झाला. धान्याचे आणि हॉप्सचे मोजकेच नमुने हाताशी असताना त्यांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे कसे ठरवावे, या अडचणीतून त्याने १९०८ मध्ये एक गणिती निबंध प्रसिद्ध केला. कंपनीच्या धोरणामुळे त्यावर नाव घातले ‘स्टुडंट’, म्हणजे विद्यार्थी. आज जगभर संख्याशास्त्राच्या पहिल्या धड्यांत शिकवली जाणारी ‘स्टुडंट’ची कसोटी ती हीच. घरगुती बियरवाल्यांची तीन पेल्यांची चाचणी त्याच वृत्तीतली आहे. तीन पेले ठेवायचे, दोहोंत एक स्टाउट, तिसऱ्यात दुसरी. रंग दिसू नये म्हणून पेले अपारदर्शक. आणि वेगळा कोणता ते ओळखायला सांगायचे. निव्वळ अंदाजाने तिघांतला एक बरोबर येईल. सहा जणांपैकी चौघांनी ओळखले तर तो योगायोग असण्याची शक्यता दहा टक्क्यांच्या घरात राहते. पाच जणांनी ओळखले तर ती दोन टक्क्यांहूनही खाली जाते. कोणती आवडली हा प्रश्न यानंतरचा. आवड ज्याची त्याची असू शकते. फरक आहे की नाही हे ज्याचे त्याचे नसते. या दोन प्रश्नांची गल्लत झाल्यामुळेच रुचीविषयीची चर्चा बहुधा हमरीतुमरीवर येते.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे आय. ए. रिचर्ड्स आठवावा. केंब्रिजमध्ये त्याने विद्यार्थ्यांच्या हाती कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या, त्यांचे लेखी अभिप्राय गोळा केले आणि १९२९ मध्ये ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’ या ग्रंथात त्यांची चिकित्सा केली. तो अपारदर्शक पेलाच होता. नाव झाकल्यावर वाचकाच्या हाती काय उरते, हे पाहण्याचा तो प्रयत्न. आपल्या विद्यापीठांत रिचर्ड्स अभ्यासक्रमात असतो, त्याच्यावर प्रश्न येतात, उत्तरे पाठ होतात. नाव झाकलेली कविता मात्र वर्गात क्वचितच वाटली जाते.

दुसरा आक्षेप परंपरावाद्यांचा. स्टाउटचे प्रकार ठरलेले आहेत, त्यांची प्रमाणे ठरलेली आहेत, मग ही ढवळाढवळ कशासाठी? अमेरिकेत १९८५ पासून बियर-परीक्षकांना प्रमाणित करणारी संस्था आहे आणि तिच्या मार्गदर्शिकेत आयरिश स्टाउट, ओट स्टाउट, गोड स्टाउट असे वर्ग काटेकोर वर्णनांसह दिलेले आहेत. अशा वर्गीकरणाचा उपयोग आम्ही नाकारत नाही. स्पर्धेत तुलना करायची तर वर्ग हवेतच. परंतु ‘स्टाउट’ या शब्दाचा मूळ अर्थ होता नुसता ‘दमदार’. दमदार पोर्टर ती स्टाउट पोर्टर. पुढे विशेषणाचे नाम झाले आणि आज चार टक्क्यांची हलकी स्टाउटही स्टाउटच म्हणवते. ज्या प्रकाराच्या नावाचाच अर्थ पालटला त्याची कृती अढळ मानण्यात काय हशील? आपल्याकडे भावगीत, दलित कविता, ग्रामीण कथा हे वर्णनासाठी आलेले शब्द पाहता पाहता निकष होऊन बसतात, आणि एखादी रचना त्या निकषाला उतरत नाही म्हणून तिला उणी ठरवले जाते. त्यातलाच हा प्रकार.

तिसरा आक्षेप आम्ही स्वतःच उपस्थित करतो, कारण तो सर्वांत वजनदार आहे. स्टाउट पुन्हा करता येते. कविता पुन्हा करता येत नाही. एक ओळ बदलून बाकी सारे तसेच ठेवण्याची सोय समीक्षकाला नाही, मग ही तुलना कितपत टिकते? पूर्णपणे टिकत नाही, हे मान्य केले पाहिजे. तरी कवीच्या हस्तलिखितातील खाडाखोड, नियतकालिकातला पाठ आणि संग्रहातला पाठ, पहिली आवृत्ती आणि सुधारलेली आवृत्ती, हे सारे म्हणजे एकेक बदल करून पाहिलेल्या खेपाच असतात. मराठीत पाठभेदांचा अभ्यास संतवाङ्मयापुरता समजला जातो; आधुनिक कवितेच्या बाबतीत अशा वह्या जपल्याही जात नाहीत आणि वाचल्याही जात नाहीत. जिथे पाठभेद नाहीत तिथे निदान मनोमन शब्द बदलून पाहण्याचा मार्ग प्रत्येक शिक्षकाला मोकळा आहे. हा शब्द काढला तर काय हरवते, असे वर्गाला विचारायला कोणतेही साधन लागत नाही.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. गुणवाचक शब्द वापरण्याचा अधिकार त्याच्या कारणाचा शोध घेतल्याने मिळतो. ‘खरपूस हवी’ म्हणणाऱ्याने कोणत्या धान्याचा खरपूसपणा हे सांगावे, त्याला काय झाकते आहे ते पाहावे, एका खेपेस एकच बदल करावा आणि तो तारखेसह वहीत लिहावा. समीक्षकानेही ‘दाहक’, ‘गडद’, ‘उत्कट’ ही विशेषणे लिहिताना त्यांच्यासमोर रचनेतली जागा लिहावी. एवढी शिस्त पाळली तर पुष्कळ परीक्षणे आखूड होतील. जी उरतील त्यांच्याशी मात्र वाद घालता येईल. बाकी आमची स्टाउट आता मनाजोगी खरपूस लागते. वहीत चौथ्या खेपेचे पान कोरे ठेवले आहे. चॉकलेट माल्टचे ते दीडशे ग्रॅम खरोखर काही करतात का, हे अजून पाहायचे आहे.